मार्चअखेरचा सर्व्हर

"सिस्टिम स्लो आहे, जरा थांबावं लागेल." बँकेची खिडकी असो, बिल भरणा केंद्र असो की इस्पितळाचे नोंदणी टेबल, हे वाक्य ऐकले नाही असा माणूस आपल्याकडे सापडणार नाही. सांगणाऱ्याच्या हाती काही नसते आणि ऐकणाऱ्याच्याही नसते. पण सिस्टिम उगाच स्लो होत नाही. त्याला कारण असते आणि ते शोधून काढता येते. डेटाबेसने आपल्या रॅममध्ये काय धरून ठेवले आहे, काय सोडून दिले आहे आणि कशासाठी त्याला पुन्हा पुन्हा डिस्ककडे धावावे लागते आहे, हे पाहिले की निदानाचा निम्मा रस्ता सरतो. या प्रकरणात तो रस्ता चालायचा आहे.

त्यासाठी उदाहरण घेऊ महापालिकेच्या दप्तराचे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका 1 ऑक्टोबर 1983 रोजी स्थापन झाली. शतक पालटण्याच्या सुमारास, श्रीकांत सिंह आयुक्त असताना, या महापालिकेने ई-गव्हर्नन्सचे काम हाती घेतले. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर, पाणीपट्टी, तक्रारी हे सारे संगणकावर आले आणि नागरिकांसाठी नागरी सुविधा केंद्र उभे राहिले. देशातल्या अनेक शहरांत तेव्हा कराच्या नोंदी वहीतच होत्या. कल्याण-डोंबिवलीचे हे काम पुढे राज्यातल्या इतर नगरपालिकांसाठी नमुना ठरले. त्या मूळ प्रणालीच्या पोटात कोणती यंत्रे होती याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण असे दप्तर डेटाबेसमध्ये गेले की त्यावर कोणता भार पडतो, हे मात्र या शहराकडे पाहून नेमके कळते.

दप्तराचे वर्ष

नगरपालिकेच्या कामाला ऋतू असतात. मार्चअखेर कर भरणाऱ्यांची गर्दी होते, कारण 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते. जूनच्या आधी शाळाप्रवेशासाठी जन्मदाखले लागतात. एप्रिलमध्ये नव्या वर्षाची मागणी तयार होते, म्हणजे प्रत्येक मालमत्तेमागे नवी देयके लिहिली जातात. डेटाबेसच्या भाषेत सांगायचे तर दर मोसमात 'चालू' नोंदी बदलतात. मार्चमध्ये थकबाकीच्या नोंदी हव्या असतात, मेमध्ये पाच-सहा वर्षांपूर्वीचे जन्म.

एखादे काम ठराविक काळात ज्या पानांना पुन्हा पुन्हा हात घालते, त्या पानांच्या समूहाला संगणकशास्त्रात 'वर्किंग सेट' म्हणतात. पीटर डेनिंग यांनी ही कल्पना 1968 साली मांडली. तिचा गाभा सोपा आहे. तुमच्याकडे एकूण माहिती किती आहे याला फारसे महत्त्व नाही; सध्या लागणारी माहिती रॅममध्ये मावते की नाही, यावर सगळे ठरते. मावली तर सर्व्हर झपाट्याने चालतो. थोडीशी उरली तर मात्र सर्व्हर थोडासाच मंदावतो असे नाही, तो धापा टाकू लागतो.

असे का, ते आकड्यांवरून कळेल. रॅममधून माहिती काढायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून काढायला साधारण 100 मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. फिरत्या हार्ड डिस्कवर शोधून काढायला सुमारे 10 मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. रॅममधल्या कामाला एक सेकंद लागतो असे धरले, तर एसएसडीला सुमारे सतरा मिनिटे लागतील आणि हार्ड डिस्कला एक दिवसाहून जास्त. म्हणून शंभरातल्या एखाद-दोन पानांसाठी डिस्ककडे जावे लागले तरी एकूण वेळ त्याच पानांवर खर्च होतो.

पान कसे येते, कसे जाते

डेटाबेस एकेक नोंद उचलत नाही, अख्खे पान उचलतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनात हे पान 16 किलोबाइटचे असते, पोस्टग्रेसमध्ये 8 किलोबाइटचे. डिस्कवरून आलेली पाने ठेवायला रॅममध्ये राखून ठेवलेली जागा म्हणजे बफर पूल किंवा बफर कॅश. पुढच्या वेळी तेच पान हवे झाले आणि ते तिथे सापडले तर 'हिट', नाही सापडले तर 'मिस'.

जागा भरली की कुठले तरी पान काढावे लागते. कुठले? हंगेरीत जन्मलेल्या लॅस्लो बेलाडी यांनी आयबीएममध्ये असताना 1966 साली सर्वोत्तम उत्तर काय असेल ते दाखवले: जे पान पुढे सर्वांत उशिरा लागणार असेल ते काढा. पण पुढे काय लागणार हे आधी कळत नाही. म्हणून डेटाबेस मागच्या अनुभवावर भरवसा ठेवतो. बरेच दिवस ज्याला कोणी हात लावला नाही, ते पान आधी जाते.

आता हिशेब मांडू. समजा, एका शहरात 5 लाख मालमत्ता आहेत. वर्षाला दोन सहामाही देयके, 20 वर्षांचे दप्तर, म्हणजे 2 कोटी नोंदी. प्रत्येक नोंद 200 बाइटची धरली तर एकूण 4 गिगाबाइट. 16 किलोबाइटच्या पानात साधारण 80 नोंदी बसतात, म्हणजे अडीच लाख पाने. मायएसक्यूएल नुसते बसवून सोडून दिले तर त्याचा बफर पूल 128 मेगाबाइटचा असतो. त्यात 8,192 पाने मावतात. अडीच लाखांतली आठ हजार, म्हणजे शेकडा सव्वातीन. सर्व्हरमध्ये 64 गिगाबाइट रॅम असली तरी बफर पूलचा आकार ठरवणारी सेटिंगमधली ओळ कोणी बदलली नसेल, तर डेटाबेस आठ हजार पानांवरच संसार करतो. निदान करताना पहिली नजर इथे टाकावी. पोस्टग्रेसच्या 'शेअर्ड बफर्स'ची मूळ मर्यादाही सहसा 128 मेगाबाइटच असते. फरक असा की पोस्टग्रेस उरलेल्या रॅमचा उपयोग ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमार्फत करून घेते. त्यामुळे त्याच्या मोजणीत 'डिस्कवरून वाचले' असे दिसणारे पान प्रत्यक्षात रॅममधूनही आलेले असू शकते.

99 टक्क्यांचा भ्रम

बफर पूलची प्रकृती सांगायला 'हिट रेशो' वापरतात. शंभर पाने मागितली, त्यांतली किती रॅममध्येच सापडली, एवढाच त्याचा अर्थ. अनेक कचेऱ्यांत हा एकच आकडा पडद्यावर हिरव्या रंगात झळकत असतो आणि तो 99 च्या वर आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात.

एक नमुना पाहा. सकाळी 10 वाजता सर्व्हरची मोजणी सांगते: सुरू झाल्यापासून 84 कोटी पाने मागितली गेली, त्यांतली 42 लाख डिस्कवरून आणावी लागली. हिट रेशो 99.5 टक्के. 10 वाजून 5 मिनिटांनी तीच मोजणी: मागितलेली पाने 84 कोटी 30 लाख, डिस्कवरून आणलेली 48 लाख. हिट रेशो 99.43 टक्के. पडद्यावर रंग हिरवाच.

आता दोन्ही मोजण्यांची वजाबाकी करा. त्या पाच मिनिटांत 30 लाख पाने मागितली गेली आणि 6 लाख डिस्कवरून आली. म्हणजे खिडकीवर रांग असताना खरा हिट रेशो होता 80 टक्के. 300 सेकंदांत 6 लाख, म्हणजे सेकंदाला 2,000 पाने. दुखणे इथे होते, आणि ते सुरू झाल्यापासूनच्या सरासरीखाली दडले होते. म्हणून पहिला नियम: सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी पाहू नका, दर पाच मिनिटांची वजाबाकी पाहा. मायएसक्यूएलमध्ये ही माहिती 'इनोडीबी बफर पूल रीड रिक्वेस्ट्स' आणि 'इनोडीबी बफर पूल रीड्स' या दोन मोजण्यांत मिळते. आगाऊ वाचून ठेवलेली पाने 'रीड अहेड' या वेगळ्या मोजणीत जातात, तीही धरावीत. पोस्टग्रेसमध्ये 'ब्लॉक्स हिट' आणि 'ब्लॉक्स रीड' पाहावेत.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ओरॅकलचे जाणकार कॅरी मिलसॅप यांनी 2001 साली एक निबंध लिहिला. बफर कॅशचा हिट रेशो 99 टक्क्यांवर असणे चांगले का नाही, हाच त्याचा विषय होता. वाईट लिहिलेली क्वेरी तीच ती पाने लाखो वेळा मागते. ती सगळी रॅममध्ये सापडतात, रेशो चढतो आणि प्रोसेसर मात्र घाण्याला जुंपलेला राहतो. कॉनर मॅकडोनाल्ड यांनी तर हवा तेवढा हिट रेशो करून देणारा छोटा प्रोग्रामच लिहून दाखवला. तो दुसरे काही करत नाही, रॅममधली पाने निष्कारण वाचत राहतो. निष्कारण काम करून सुधारणारा आकडा आरोग्याचा पुरावा ठरू शकत नाही.

रात्री बॅकअप चालतो, अहवाल तयार होतात, तेव्हा रेशो घसरतो. तेव्हा खिडकीवर कोणी नसते. ती घसरण दुखणे मानू नये. हिट रेशो प्रश्न विचारायला उपयोगी पडतो. उत्तर दुसरीकडे शोधावे लागते.

पाटील आणि म्हात्रे

मग ती 6 लाख पाने मागितली कोणी? याचे उत्तर कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या मातीतच सापडू शकते.

कल्पना करा, खिडकीवर एक आजोबा आले आहेत. जुने देयक जवळ नाही, मालमत्ता क्रमांक आठवत नाही. ते नाव सांगतात: पाटील. किंवा म्हात्रे, भोईर, तरे. आगरी-कोळी समाजाच्या या पट्ट्यात या आडनावांची घरे गावागावांत आहेत. कारकून शोधाच्या चौकटीत 'पाटील' टाइप करतो. प्रोग्रामने क्वेरी अशी लिहिलेली असते की नावात कुठेही 'पाटील' आले तरी ती नोंद दाखवावी, कारण कुणी नाव आधी लिहिते, कुणी आडनाव.

इथेच घात होतो. इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली सूची. सुरुवातीचे अक्षर माहीत असेल तर ती थेट जागेवर नेते. 'मधे कुठेही पाटील' असे विचारले की सूचीचा क्रम निरुपयोगी ठरतो आणि डेटाबेस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे वाचत जातो. प्रोग्रामने मालकाचे नाव प्रत्येक देयकाच्या नोंदीतच ठेवले असेल, तर आपल्या हिशेबातली अडीच लाख पाने एका शोधासाठी वाचली जातात. पाच मिनिटांत असे दोन शोध झाले की 5 लाख पाने संपली. वरच्या वजाबाकीतली 6 लाख पाने आता गूढ राहत नाहीत.

पोस्टग्रेसमध्ये हे डोळ्यांनी पाहता येते. क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन' लावून 'अ‍ॅनालाइझ' आणि 'बफर्स' हे पर्याय दिले की एक ओळ येते: किती पाने 'हिट', किती 'रीड'. नावाने शोध घेतला तर तिथे लाखांचा आकडा दिसेल. पान 8 किलोबाइटचे असल्याने तो आपल्या हिशेबाच्या दुप्पट, पाच लाखांच्या घरात असेल. तोच माणूस मालमत्ता क्रमांकाने शोधला तर पाच-सहा पाने: तीन-चार सूचीची, एक-दोन नोंदींची. ही तुलना एकदा स्वतः करून पाहिलेला अभियंता 'रॅम वाढवा' हे वाक्य घाईने उच्चारत नाही.

नवे डेटाबेस अशा आडव्या वाचनापासून कॅशचे रक्षणही करतात. इनोडीबी नवे पान थेट मानाच्या जागी बसवत नाही, यादीच्या शेवटच्या तीन-अष्टमांश भागात बसवते. ठराविक वेळेनंतर, मूळ मांडणीत एका सेकंदानंतर, त्याला पुन्हा हात लागला तरच पुढे सरकवते. पोस्टग्रेस मोठे टेबल वाचताना अवघ्या 256 किलोबाइटची छोटी फिरती जागा वापरते, म्हणजे बाकीची पाने हलत नाहीत. पण कॅश वाचली तरी डिस्क त्या वाचनात गुंतून पडते आणि शेजारच्या खिडकीवरची साधी पावतीही खोळंबते.

उपाय स्वस्त आहे. आडनावासोबत प्रभाग आणि इमारतीचे नाव मागावे आणि त्या तिन्हींचा मिळून इंडेक्स करावा. नुसत्या आडनावाचा इंडेक्स इथे फारसा कामाचा नाही, कारण हजारो पाटील एकत्र येतील. नावात मधेही शोधायचेच असेल तर त्यासाठी शब्दशोधाचा वेगळा इंडेक्स करावा. देयकावरचा क्यूआर कोड वाचून मालमत्ता क्रमांक घेता आला तर सर्वांत उत्तम.

माहिती वाढते, पण एकसारखी नाही

कधी कधी एकही क्वेरी बदललेली नसते, तरी गेल्या वर्षी ठीक चाललेला सर्व्हर यंदा रखडतो. अशा वेळी वर्किंग सेट रॅमबाहेर गेलेला असतो. आपल्या भागात तो टप्प्याटप्प्याने जातो. 2015 साली 27 गावे पुन्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर एकेका संकुलाबरोबर शेकडो सदनिका कराच्या नोंदीत येतात. डोंबिवलीत जुनी तीन मजली इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहतो, तेव्हा डेटाबेसमध्ये मूठभर नोंदींच्या जागी शंभर होतात. नगररचना विभागात मंजूर होणारे नकाशे उद्याच्या डेटाबेसचा आकार आजच सांगत असतात. सर्व्हर सांभाळणाऱ्याने ते विचारून घ्यावेत.

इथे रॅम वाढवणे हाच खरा उपाय असू शकतो. जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी 1987 साली 'पाच मिनिटांचा नियम' मांडला. साधारण पाच मिनिटांच्या आत पुन्हा लागणारे पान रॅममध्ये ठेवणे, पुन्हा पुन्हा डिस्कवरून आणण्यापेक्षा स्वस्त पडते, हे त्यांनी तेव्हाच्या किमतींवरून काढले. किमती बदलल्या, मिनिटे बदलली, पण हिशेबाची रीत तीच राहिली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'पेज लाइफ एक्स्पेक्टन्सी' नावाची मोजणी मिळते: कोणी हात न लावलेले पान कॅशमध्ये किती सेकंद टिकते. 300 सेकंदांच्या खाली गेले तर काळजी करा, असा जुना ठोकताळा आहे. आजच्या मोठ्या सर्व्हरना तो अपुरा पडतो. तिथेही एका आकड्यापेक्षा नेहमीची पातळी आणि अचानक झालेली घसरण पाहावी.

इतर संशयित

निदानात चार गोष्टी तपासल्याशिवाय कॅशवर ठपका ठेवू नये. पहिली, सर्व्हर नुकताच पुन्हा सुरू झाला आहे का? तेव्हा कॅश रिकामी असते आणि पहिला तासभर सगळेच मंद वाटते. मायएसक्यूएल 5.7 पासून बंद होताना चालू पानांची यादी लिहून ठेवते आणि सुरू होताना ती पाने परत भरते. दुसरी, स्वॅप. ऑपरेटिंग सिस्टिमने बफर पूलचाच भाग डिस्कवर ढकलला असेल, तर डेटाबेसला वाटते पान रॅममध्ये आहे आणि रेशोही छान दिसतो, प्रत्यक्षात मात्र डिस्क वाचली जाते. बफर पूलला सगळी रॅम देऊन टाकल्याने हे घडते. तिसरी, कुलूप. एक व्यवहार नोंद अडवून बसला आणि बाकीचे ताटकळत राहिले, तर रॅम कितीही वाढवा, फरक शून्य. पोस्टग्रेसच्या 'वेट इव्हेंट टाइप' स्तंभात 'लॉक' दिसते की 'वेट इव्हेंट' स्तंभात 'डेटा फाइल रीड', यावरून हे लगेच कळते. चौथी, डेटाबेसच्या पुढे बसवलेली रेडिस किंवा मेमकॅश्डसारखी कॅश. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी 2003 साली लाइव्हजर्नलसाठी मेमकॅश्ड लिहिले. रेडिस 2009 साली आले. तिथे 'हिट्स', 'मिसेस' आणि जागेअभावी बाहेर काढलेल्या नोंदी मोजाव्यात. पण करासारख्या व्यवहारात त्याहून मोठी जोखीम शिळ्या माहितीची असते. पैसे भरून झाल्यावरही पडद्यावर थकबाकी दिसली, तर तो वेग काय कामाचा?

तपासाचा क्रम

सर्व्हर मंद आहे असा निरोप आला की आधी विचारावे: कोणते काम, कोणत्या खिडकीवर, किती वाजता, किती सेकंद? 'सगळेच स्लो आहे' हे उत्तर स्वीकारू नये. मग त्या वेळेची पाच-पाच मिनिटांची वजाबाकी काढावी. मग सर्व्हर कशाची वाट पाहत होता ते पाहावे: प्रोसेसर, डिस्क की कुलूप. डिस्क असेल तर सर्वांत जास्त पाने कोणत्या क्वेरीने मागितली ते शोधावे. मायएसक्यूएलची स्लो क्वेरी नोंद आणि पोस्टग्रेसचे 'पीजी स्टॅट स्टेटमेंट्स' त्यासाठीच आहेत. स्लो क्वेरी नोंदीची मूळ मर्यादा 10 सेकंद असते. खिडकीवरच्या कामासाठी ती एक-दोन सेकंदांवर आणावी. क्वेरी दुरुस्त करावी, इंडेक्स द्यावा, अवजड अहवाल रात्री किंवा वेगळ्या प्रतीवर चालवावेत. एवढे करूनही वर्किंग सेट मावत नसेल, तर रॅम मागावी. तेव्हा त्या मागणीमागे आकडे असतील आणि खर्च मंजूर करणाऱ्यालाही ते पटतील.

डोंबिवली, कल्याण, ठाण्यातून रोज सकाळी ऐरोली, रबाळे, महापेकडे जाणाऱ्यांत सर्व्हर सांभाळणारे असंख्य तरुण आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे: सर्व्हर उत्तम चालू असतानाच त्याचे आकडे दर पाच मिनिटांनी नोंदवायला लागा, आणि किमान वर्षभराच्या नोंदी जपा, म्हणजे मार्चची तुलना मार्चशी करता येईल. चांगल्या दिवसांचे आकडे हाताशी नसतील तर वाईट दिवशीच्या आकड्यांना काही अर्थ लागत नाही. हे काम करायला नवी यंत्रे लागत नाहीत, निविदा काढावी लागत नाही. आजच सुरू करा.